घटक ४ : ‘ऋण सोडणे’ – ख्रिस्ती परंपरेतील क्षमाविचार

४.१ प्रास्ताविक

१६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापर्यंत मराठी ख्रिस्ती साहित्याची एक अखंड धारा वाहत आलेली आहे. या धारेतील कोणताही ग्रंथ उघडला, तरी ‘क्षमा’ हा शब्द तुम्हांला पावलोपावली भेटेल. तो ओळखीचा असल्यामुळेच वाचकाची फसगत करतो. आपण त्याला आपल्या घरात, शाळेत, कीर्तनात ऐकलेला अर्थ लावतो आणि पुढे जातो. लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ मात्र पुष्कळदा निराळा असतो.

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला ख्रिस्ती परंपरेतील क्षमेची कल्पना ‘ऋण’ या कल्पनेशी कशी जोडलेली आहे हे सांगता यावे, आणि क्षमा, विस्मरण व न्याय या तीन गोष्टींतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता यावा, एवढीच अपेक्षा आहे. वाचन करताना नव्या कराराची एक प्रत जवळ ठेवावी. कोणतेही मराठी भाषांतर चालेल. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आणि लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आधी एकदा वाचून घेतल्यास पुढील विवेचन सोपे जाईल.

४.२ शब्दांचा विचार

‘क्षमा’ हा शब्द ‘क्षम्’ या संस्कृत धातूपासून आलेला आहे. या धातूचा अर्थ सहन करणे, सोसणे, समर्थ असणे असा होतो. ‘सक्षम’ आणि ‘कार्यक्षम’ हे शब्द त्याच कुळातले. पृथ्वीला संस्कृतात ‘क्षमा’ असे एक नाव आहे, कारण ती सगळ्यांचा भार सोसते. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी सोसण्याचे बळ आहे. ‘माफी’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि दरबारात, दप्तरात रुळला. सारा माफ होतो, शिक्षा माफ होते, गुन्हा माफ होतो. येथे भर आहे तो माफ करणाऱ्याच्या अधिकारावर. बोलीभाषेत याहून वेगळे वाक्प्रचार आहेत. अपराध ‘पोटात घालणे’ हा त्यांतला सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल. आई लेकराचा अपराध पोटात घालते, म्हणजे तो नाहीसा होत नाही, तिच्या पोटात राहतो. याच्या अगदी उलट ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हा वाक्प्रचार. त्यात कोणालाच काही सोसावे लागत नाही. पाणी वाहून गेले, विषय संपला.

आता नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेकडे वळू. तेथे क्षमा करण्यासाठी मुख्यत्वे ‘अफिएमी’ हे क्रियापद येते. त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे, मोकळे करणे. येशूच्या हाकेसरशी कोळ्यांनी आपली जाळी टाकून दिली, हे सांगताना मार्कने हेच क्रियापद वापरले आहे. कर्ज सोडून देण्यासाठीही हेच क्रियापद आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची जी विनंती आहे, ती मत्तयाच्या पाठात ‘ऋणां’विषयी आहे. लूकच्या पाठात पहिल्या भागात ‘पापे’ असा शब्द येतो, पण दुसऱ्या भागात पुन्हा ऋणकोच येतो. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, त्या भाषेत ऋण आणि पाप या दोहोंसाठी एकच शब्द होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक कोड्यासारखा वाटत नाही. इंग्रजी उपासनेत या जागी ‘अपराध’ या अर्थाचा शब्द रूढ झाला. प्रचलित मराठी बायबलमध्ये मात्र मत्तयाच्या पाठातले ऋण हे ऋणच राहिले आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सोय आहे, तशी एक अडचणही आहे. मराठीत ‘ऋण’ या शब्दाला आदराची छटा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडायची असतात, आणि उपकारकर्त्याच्या ऋणात राहणे आपल्याला भूषणावह वाटते. प्रार्थनेतले ऋण या जातीचे नाही. ते सावकाराच्या वहीतले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली, ती ज्या ऋणाची होती, त्या जातीचे हे ऋण. ते माणसाची जमीन, घर आणि अखेर स्वातंत्र्यही गिळते. येशूच्या श्रोत्यांना असेच ऋण ठाऊक होते.

विचार करा : ‘क्षमा करणे’, ‘माफ करणे’, ‘गय करणे’ आणि ‘पोटात घालणे’ यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करून पाहा. प्रत्येक वाक्यात नुकसान कोणाच्या वाट्याला येते?

४.३ दोन कर्जांचा दाखला

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो, की माझ्या भावाने माझा अपराध केला, तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा पुरे का? येशू उत्तरादाखल जी संख्या सांगतो, ती ग्रीक शब्दरचनेनुसार सत्त्याहत्तर किंवा सातांच्या सत्तरपट अशी दोन्ही प्रकारे वाचता येते. संख्येला महत्त्व नाही. मात्र तिच्यामागे एक जुना प्रतिध्वनी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात लामेख नावाचा पुरुष आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, की माझ्यासाठी सत्त्याहत्तरपट सूड घेतला जाईल. सूडाची ती गणती येशू उलटी फिरवतो.

त्यानंतर दाखला येतो. एक राजा आपल्या सेवकांचा हिशेब घ्यायला बसतो. एकाकडे दहा हजार तालांत येणे निघते. फेडायला त्याच्याकडे काही नाही, तेव्हा त्याला, त्याच्या बायकामुलांना आणि मालमत्तेला विकण्याचा हुकूम होतो. सेवक पाया पडतो, मुदत मागतो. राजाला कळवळा येतो आणि मुदतीऐवजी तो सगळे कर्जच सोडून देतो. हा सेवक बाहेर पडतो तोच त्याला शंभर दिनार देणे असलेला दुसरा सेवक भेटतो. तोही त्याच शब्दांत मुदत मागतो. पहिला सेवक त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. ही बातमी राजाला कळते, आणि सोडलेले कर्ज पुन्हा त्याच्या मानेवर बसते.

यातील आकडे भाषांतरात हरवतात, म्हणून ते मांडून पाहणे आवश्यक आहे. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार होत. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एक दिवसही सुटी न घेता काम केले, तरी ती कमवायला दीड लाखाहून अधिक वर्षे लागतील! फेडण्याची मुदत मागणारा सेवक एक तर भाबडा आहे किंवा लबाड. दुसरे कर्ज याच्या सहा लाखांश आहे.

परंतु येथे थांबून विचार करावा. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी. ज्याचे हातावर पोट आहे, त्याच्या लेखी ही रक्कम क्षुल्लक नाही. दाखला सांगताना येशूला दुसरे कर्ज एका दिनाराचेही करता आले असते. त्याने तसे केले नाही. ‘तुझे जे नुकसान झाले ते अगदीच किरकोळ आहे, सोडून दे’ असे हा दाखला कोणालाही सांगत नाही. प्रवचनांत मात्र हे पुष्कळदा सांगितले जाते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. राजा ‘कसले कर्ज?’ असे म्हणत नाही. वही उघडली जाते, आकडा वाचला जातो, ऋणको समोर उभा केला जातो आणि मग ते कर्ज सुटते. जे कर्ज म्हणून मान्यच झालेले नाही, ते सोडता येत नाही. विसरणे आणि क्षमा करणे यांतला फरक येथे आहे. विसरणारा वही हरवतो. क्षमा करणारा वही उघडतो.

तिसरी गोष्ट अशी, की सोडलेले कर्ज हवेत विरत नाही. आजच्या कर्जमाफीचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या नावावरची रक्कम पुसली जाते तेव्हा ती बँकेला कोणीतरी देते. शासन देते, म्हणजे शेवटी करदाता देतो. दाखल्यातल्या राजाच्या खजिन्यात दहा हजार तालांतांचा खड्डा पडतो आणि तो राजाच सोसतो. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रात क्रुसावरील मरणाचा क्षमेशी जो संबंध जोडला जातो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. त्या संबंधाच्या उपपत्ती अनेक आहेत आणि त्यांचा पसारा मोठा आहे. आपल्या अभ्यासासाठी एवढे पुरेसे आहे, की क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला, देणाऱ्याला नव्हे.

दाखल्याचा शेवट कठोर आहे, आणि तो मऊ करण्याचा प्रयत्न करू नये. एकदा दिलेली क्षमा राजा परत घेतो, याचा अर्थ काय लावायचा? काही भाष्यकारांच्या मते, दुसऱ्याला क्षमा करणे ही ईश्वरी क्षमेची अट आहे. इतरांच्या मते ती अट नव्हे, तर क्षमा खरोखर पोहोचली असल्याची खूण आहे. पहिल्या सेवकाने कर्ज सुटल्याचे ऐकले, पण आपण सुटलो हे त्याच्या अंगी उतरले नाही. तो अजूनही वहीच्याच जगात वावरत होता. दुसरे स्पष्टीकरण कथेच्या ओघाला अधिक जुळते. तथापि तुम्ही उत्तरपत्रिकेत दोन्ही मते नमूद करावीत.

४.४ थोरल्या भावाचा प्रश्न

लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा तुम्हांला माहीत असेलच. ती पुन्हा सांगत नाही. तिच्यातल्या एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. धाकट्याने आपला वाटा आधीच नेलेला आहे. उरलेले सर्व थोरल्याचे आहे, आणि बाप ते स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. मग परतलेल्या धाकट्यासाठी कापलेले पुष्ट वासरू, त्याच्या बोटातली अंगठी, पायातले जोडे हे कोणाच्या वाट्यातून आले? बापाने केलेल्या क्षमेची किंमत काही अंशी थोरल्याला मोजावी लागते. शेतावरून येऊन दाराबाहेर उभ्या राहिलेल्या या भावाचा राग केवळ मत्सराचा नाही, त्याला हिशेबाचा आधार आहे. बाप त्याला दटावत नाही. बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

४.५ पश्चात्ताप, भरपाई आणि ‘स्वस्त कृपा’

मराठी बायबलमधील ‘पश्चात्ताप’ हा शब्द ग्रीक ‘मेटानोइया’ या शब्दासाठी येतो. मराठी शब्दाचा अवयवार्थ मागाहून होणारा ताप, म्हणजे मनाला लागलेली टोचणी. ग्रीक शब्दाचा अर्थ मन बदलणे, विचारांची दिशा फिरणे. टोचणी भूतकाळाकडे पाहते, दिशाबदल पुढच्या पावलाकडे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय नावाचा जकातदार याचे चांगले उदाहरण आहे. तो रडत नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करीन आणि अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन, असे तो उभा राहून जाहीर करतो. लूकच्याच सतराव्या अध्यायात क्षमेच्या आज्ञेआधी दुसरी एक आज्ञा आहे : भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखवून द्यावा. क्षमाशील माणूस तोंड मिटून बसतो, ही समजूत या वचनाने खोडली जाते.

रोमन कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाच्या संस्कारात कबुली, पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांची सांगड घातलेली आहे. प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूची मध्यस्थी आवश्यक मानली नाही, परंतु पश्चात्तापाची निकड कमी केली नाही. जर्मन ईश्वरशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ असा शब्दप्रयोग केला आणि पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर कोरडे ओढले. हे लिहिणारा माणूस पुढे नाझी राजवटीच्या विरोधात उभा राहिला आणि एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या शब्दाचे वजन कळते.

४.६ भारतातील दोन घटना

क्षमेची चर्चा ग्रंथातच राहू नये, म्हणून अलीकडच्या काळातील दोन घटना पाहू.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर या गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जमावाने ती गाडी पेटवून दिली. तिघेही जळून मरण पावले. स्टेन्स १९६५ पासून ओडिशात कुष्ठरुग्णांमध्ये काम करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि मुलीसह बारीपदा येथे राहून ते काम पुढे चालू ठेवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. दरम्यान खटला रीतसर चालला. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांची क्षमा आणि न्यायालयाची शिक्षा परस्परांच्या आड आल्या नाहीत. आपल्या वाट्याचे येणे त्यांनी सोडले. राज्याचे येणे सोडणे त्यांच्या हाती नव्हते आणि तसा दावाही त्यांनी केला नाही.

दुसरी घटना मध्य प्रदेशातील. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया उदयनगर परिसरात गरीब शेतकरी व शेतमजुरांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करीत. या कामामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांनी घातलेल्या मारेकऱ्याने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांना बसमध्ये भोसकून ठार केले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या भगिनी, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर राखी बांधली. पुढे आईनेही त्याची भेट घेतली. त्याच्या सुटकेला कुटुंबाने संमती दिली आणि सुटल्यावर तो त्या घरी जाऊ-येऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

या घटनेतील राखीकडे तुम्ही साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे. बायबलमध्ये राखी नाही. एका ख्रिस्ती स्त्रीने आपली क्षमा व्यक्त करण्यासाठी ज्या मातीत ती राहत होती, तेथले चिन्ह निवडले, आणि ज्याने तिची बहीण नेली त्यालाच भाऊ केले. लोकांना सावकाराच्या वहीतून सोडवताना जी मेली, तिच्या घरच्यांनी तिच्या मारेकऱ्याच्या नावावरचे खातेही असे मिटवले.

४.७ क्षमा कोणी सांगावी?

अशा कथा वाचून मन भारावते आणि तेथेच धोका निर्माण होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला ‘ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर’ असे सांगून परत पाठवणे सोपे असते. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना ‘आता जुने उकरू नका’ असे बजावणेही सोपे असते. ऋणाचा दृष्टान्त येथे उपयोगी पडतो. कर्ज फक्त धनको सोडू शकतो. शेजारी, पंच, धर्मगुरू किंवा खुद्द ऋणको ते त्याच्या वतीने सोडू शकत नाही. आणि धनकोवर दडपण आणून सोडवलेले कर्ज म्हणजे दुसरी लूट होय. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जा, असे ज्याला सांगितले आहे, तो अपराध सोसणारा नाही. ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने उठून जायचे आहे.

क्रुसावरच्या उद्गाराकडेही बारकाईने पाहावे. तेथे येशू ‘मी तुम्हांला क्षमा करतो’ असे मारणाऱ्यांना म्हणत नाही. त्यांना क्षमा व्हावी अशी पित्याकडे प्रार्थना करतो. (हा उद्गार काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही, याचीही नोंद घ्यावी.) ज्याला त्या घडीला स्वतः क्षमा करणे शक्य होत नाही, अशा माणसासाठी या प्रार्थनेत जागा आहे, असे काही भाष्यकार मानतात.

हाच प्रश्न एका संपूर्ण राष्ट्रापुढे दक्षिण आफ्रिकेत उभा राहिला. वर्णभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू होते. १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण हकिगत उघड करणाऱ्यास कायद्याने माफी मिळू शकत होती. त्याने पश्चात्ताप व्यक्त करावा, अशी अट नव्हती. टुटू क्षमेचा पुरस्कार करीत होते, तर स्टीव्ह बिको यांच्यासारख्या मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांची काही कुटुंबे या माफीविरुद्ध न्यायालयात गेली. ती कुटुंबे क्षमाशील नव्हती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आपले येणे आपल्याला न विचारता कोणी सोडू नये, एवढीच त्यांची मागणी होती.

४.८ ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनासाठी एक दिशा

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या संसाराची त्या दिवशी वाताहत झाली. पुढची काही वर्षे पतिपत्नी दुरावली होती. नंतर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सर्व सांगितले आहे. टिळकांचा विक्षिप्त व तापट स्वभाव, त्यांचे अचानक निघून जाणे, त्यापायी झालेली ओढाताण यांतले काहीही त्या लपवत नाहीत. वही पुरती उघडी आहे. तरीही निवेदनाचा स्वर कडवट होत नाही. पुष्कळ ठिकाणी तर वाचकाला हसू येते. आत्मचरित्रात अपराधाची नोंद आणि अपराध्याविषयीची माया एकाच वाक्यात कशी नांदू शकते, हे अभ्यासण्यासाठी मराठीत याहून चांगले पुस्तक क्वचितच सापडेल.

उपक्रम : ‘स्मृतिचित्रे’तील टिळकांच्या घर सोडून जाण्याविषयीचा कोणताही एक प्रसंग निवडा. त्यातील तक्रारीची वाक्ये आणि विनोदाची वाक्ये वेगवेगळी लिहून काढा. ती सलग वाचा आणि लक्ष्मीबाईंनी केले ते ‘पोटात घालणे’ आहे, ‘ऋण सोडणे’ आहे की या दोहोंहून निराळे काही, याविषयी तुमचे मत सुमारे २०० शब्दांत लिहा. संपर्कसत्राला येताना हे टिपण सोबत आणावे.